आरशाआधीचा फोटो

मंगळूर
३ नोव्हेंबर २०१४

ती. आप्पन यांस,

तीर्थरूप लिहिलंय ते हाताला सवय आहे म्हणून. मनापासून लिहिलंय असा गैरसमज नको.

गेल्या हंगामात तुम्ही मला अंगणात उभं करून सांगितलंत की यापुढे माझं तोंड बघणार नाही आणि फोन केला तर उचलणार नाही. पत्राबद्दल काही बोलला नव्हतात. म्हणून पत्र लिहितेय. तुम्ही माझ्या बापाचे, अच्छनचे, सख्खे धाकटे भाऊ आहात आणि पय्यन्नूरच्या बाजारात तुमचा फोटो स्टुडिओ आहे. घरात कॅमेऱ्यातलं कळणारा माणूस एकच, आणि तो तुम्ही, हे माझं नशीब.

आता कामाचं. मी कॅमेरा घेतलाय. नवा नाही. आमच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी वापरून टाकलेला. त्याच्याबरोबर एक लेन्स आली, सगळ्यांना सुरुवातीला मिळते ती, अठरा ते पंचावन्नची. दिवसा बरी चालते, दिवेलागणीला मान टाकते. आता दुसरी घ्यायची आहे आणि माझ्या पगारात एकच बसेल. इथल्या दुकानात वापरलेल्या दोन पाहून ठेवल्यात. एक फिफ्टी, बुटकी आणि हलकी, तिला झूम नाही. दुसरी लांब नळीची, अडीचशेपर्यंत ओढणारी. किंमत जवळपास सारखीच. इंटरनेटवर विचारलं तर जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. 

कशाला हवी तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीला मिरवायचंय. फेब्रुवारीत देवीच्या कावात कळियाट्टमचा उत्सव आहे, त्यात अच्छन आपल्या घराण्याचं भगवतीचं तेय्यम बांधतील, देवी अंगात घेऊन नाचतील. अम्मा मला चोरून फोन करते. ती म्हणाली, गुडघे गेलेत, यंदाचं शेवटचं. मला डोक्यावर मुडीचा मुकुट चढवलेल्या अच्छनचा एक फोटो हवाय. एकच, पण नीट.

आणि तो जुना फोटो मी पुसलाय. तुम्ही ओरडलात त्याच संध्याकाळी. इंटरनेटवरून काढला, फोनमधूनही काढला. अर्धा रंगवलेला चेहरा, हातात चहाचा ग्लास, आणि अम्माच्या कसल्याशा बोलण्यावर अच्छन खदखदून हसतायत. मला तो देखणा वाटला होता. लोकांना त्यात विनोद दिसला, तो माझा गुन्हा. वर्षभर बाप माझ्याशी बोललेला नाही. शिक्षा पुरेशी नसेल तर कळवा.

कोणती घेऊ? एका ओळीत सांगितलंत तरी चालेल. शिव्यांचं पान वेगळं जोडा.

शिम्ना


पय्यन्नूर
१२ नोव्हेंबर

शिम्ना,

वर "चि." लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

शिव्यांना वेगळं पान कशाला? तुझी जीभ मंगळूरला जाऊन जास्तच धारदार झाली आहे. दुखतं कुणाला ते ऐक.

त्या दिवशी कावाच्या कमिटीच्या ओसरीवर मी होतो. तू नव्हतीस. तू मंगळूरच्या खोलीत बसून फोटो किती लोकांना आवडला ते मोजत होतीस. याच लोकांनी तुझ्या बापाच्या हातात कडं घालून त्याला पेरुवण्णान ही पदवी दिली. हंगाम आला की हीच माणसं त्याच्यापुढे हात जोडून घरातली दुखणी सांगत रडतात. त्या दिवशी ती सगळी खुर्च्यांवर बसली होती आणि तुझा बाप, पवित्रन पेरुवण्णान, उघड्या अंगानं समोर उभा. सेक्रेटरीनं मोबाइल त्याच्या नाकापुढे धरला. "हे काय आहे?" फोटोखाली कुणा टवाळानं लिहिलं होतं, देवीची चहाची सुट्टी. तुझ्या बापानं मान खाली घालून माफी मागितली, दंड भरला आणि घरापर्यंत चालत आला.

तू परक्या घरची असतीस तर म्हटलं असतं, पोरीला कळत नाही. मुडी बांधून झाली की हातातल्या आरशात तो स्वतःचं तोंड बघतो आणि तेव्हा अंगात देवी येते. त्याच्या आधी रंगाच्या झोपडीत जो बसलेला असतो तो ना धड माणूस, ना धड देवी. त्याच्याकडे टक लावून बघायचंही नसतं, फोटो तर लांबच. हे तुला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक आहे. तरी काढलास. वर जगाला दाखवलास.

लेन्सचं विचारलंस. झूम घे. फिफ्टी ही जवळ जाणाऱ्यांची लेन्स, तिला ओढता येत नाही, आपल्यालाच पुढे सरकावं लागतं. तुला पुढे कोण सरकू देणार? कावाच्या दगडी कुंपणाबाहेर तो फणस आहे, त्याच्याखाली उभी राहा आणि तिथून नळी लांब कर. आवारात पाऊल टाकायचं नाही. घरी यायचं नाही. बापासमोर यायचं नाही.

सल्ला दिला. आता पिच्छा सोड.

दामोदरन


मंगळूर
२४ नोव्हेंबर

आप्पन,

घेतली झूम. तुमच्या शब्दाखातर. दुकानदार फिफ्टी माझ्या हातात कोंबत होता, "सुरुवात करणाऱ्यानं हीच घ्यावी ताई," म्हणत होता. मी म्हटलं, आमच्या घरात स्टुडिओवाले आहेत, त्यांनी सांगितलंय. तोंड बंद झालं त्याचं.

नळी एवढी लांब आहे की गच्चीवरून समोरच्या इमारतीतल्या बाईची भाजी कोणती ते दिसतं. फणसाखालून अच्छनच्या पापण्यासुद्धा मोजता येतील. तुम्हाला मला हाकलायचं होतं, पण सल्ला मात्र कामाचा दिलात. आभार मानत नाही.

अम्मा म्हणते, तुमचा स्टुडिओ दुपारनंतर कुलूप लावून असतो. गिऱ्हाईक तुटलं का? तेही माझ्यामुळेच असणार. लिहून टाका माझ्या नावावर, एवढं आहे त्यात आणखी थोडं.

एक विचारते. अच्छन कधी माझं नाव काढतात का? खोटं सांगितलंत तरी चालेल.

शिम्ना


पय्यन्नूर
५ डिसेंबर

शिम्ना,

स्टुडिओ माझा, कुलूप माझं. तू नाक खुपसू नकोस.

मासा सोडलाय, ताडी सोडली आहे, जमिनीवर चटई टाकून झोपतो. डोकं आधीच ठिकाणावर नाही, त्यात तुझी पत्रं.

नाव काढत नाही.

दामोदरन


मंगळूर
११ जानेवारी २०१५

आप्पन,

तुम्ही मासा सोडलात हे वाचून मला वेड्यासारखं भरून आलं होतं. म्हटलं, मोठ्या भावाचं व्रत म्हणून हाही त्याच्या सोबतीनं पाळतोय, तोंडाचा फटकळ आहे पण आतून माणूस बरा आहे. हसा आता पोट धरून.

मागच्या आठवड्यात शनिवारी मी नीलेश्वरजवळच्या एका कावात गेले होते. म्हटलं, आपल्या कळियाट्टमच्या आधी हात बसू दे. लांब उभी राहिले, तुम्ही सांगितलंत तशी. पहाटेचं तेय्यम, झावळ्यांच्या पेटत्या चुडींचा उजेड, फ्लॅश मारायची बंदी. नळी लांब केली आणि बटण दाबलं. काय आलं माहीत आहे? काळं. काळ्यात एक लाल फराटा. पुन्हा दाबलं, पुन्हा फराटा. कॅमेऱ्याचे सगळे आकडे चढवून बघितले, तर फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे, आणि देव तरीही हललेलाच. माझ्या आसपास जेवढे फोटोवाले होते त्या सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर बुटक्या लेन्स होत्या. एकाही शहाण्याकडे माझ्यासारखी नळी नव्हती.

घरी येऊन दोन रात्री वाचत बसले. लेन्सचं भोक जेवढं मोठं तेवढा उजेड आत. फिफ्टीचं भोक विहिरीएवढं, आणि तुमच्या झूमचं, नळी लांब केली की, सुईच्या नेढ्याएवढं. दिवसा पक्षी टिपायला ठीक. चुडीच्या उजेडात ती आंधळी.

हे मला ठाऊक नव्हतं, मी शिकाऊ आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं? उभा जन्म तेय्यमचे फोटो काढून विकणाऱ्या माणसाला? तुम्ही मला मुद्दाम आंधळी लेन्स घ्यायला लावलीत. मी फणसाखाली उभी राहून काळे फोटो काढत बसावं, आणि अच्छनचं शेवटचं तेय्यम माझ्या हातून कायमचं निसटावं, एवढ्यासाठी. एवढं विष? तेही पोस्टाचं तिकीट लावून?

लाज वाटते तुमची. ऐका, मी झूम बदलून फिफ्टी आणतेय. दुकानदार हसला तर हसू दे. फणसाखाली उभी राहणार नाही. आवारात येणार. कमिटीनं धक्के मारून काढलं तर सगळ्या गावादेखत मारू दे.

शिम्ना


पय्यन्नूर
१८ जानेवारी

शिम्ना,

हो. मुद्दाम केलं. सल्ला देताना मला पक्कं ठाऊक होतं की तुझ्या नळीत काळोख भरणार आहे. आता का ते ऐक, आणि खाली बसून वाच.

तुझा बाप यंदा तेय्यम बांधणार नाही. पुढेही नाही. गुडघ्याचं अम्मानं तुला रचून सांगितलं. खरं कळलं असतं तर तू धावत येऊन त्याचे पाय धरले असतेस, आणि त्यानं दार लावून घेतलं असतं, ते तिला बघवलं नसतं. कमिटीच्या ओसरीवरून आला त्या दिवशी त्यानं रंगाची पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "ज्या तोंडाला लोक हसले ते मी पुन्हा रंगवणार नाही." बस्स. तेव्हापासून तो शब्द मागे घेतलेला नाही. तुझा बाप आहे, तुझ्यासारखाच हट्टी.

भगवती आमच्या घराण्याची. दुसऱ्या घरचा माणूस ती बांधू शकत नाही. तुझ्या बापाला मुलगा नाही, माझी दोन्ही पोरं दुबईत. उरलो कोण? लग्नाआधी मी लहानसहान तेय्यमं बांधायचो, मग कॅमेरा हातात आला आणि सुटलो. आता या वयात, या पोटासकट, तुझा बाप मला दुपारभर नाचवतो. त्यासाठी स्टुडिओला कुलूप. व्रत त्याचं नाही, माझं आहे. माझा मासा तू त्याच्या पानात वाढलास.

आणि तुला लांब का ठेवत होतो, तेही सांगून टाकतो, एकदाचं संपू दे. मी तुझ्या कॅमेऱ्याला भितो. काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कॅमेरा काय करतो ते मी जन्मभर बघत आलोय. पाय चुकेल, पोट हिंदकळेल, मुडी कलेल, आणि नेमका तोच क्षण तू धरशील. तुला तेवढंच येतं. म्हणून आंधळी लेन्स दिली.

तुला अच्छनचा शेवटचा फोटो हवा होता ना? रंग लावलेला त्याचा शेवटचा चेहरा तू मागच्या वर्षीच काढलास. चहा पितानाचा. तोच शेवटचा. आणि तोही तू पुसलास म्हणतेस. आता बस रडत.

दामोदरन


मंगळूर
२५ जानेवारी

आप्पन,

बसले. रडले. तुमच्या मनासारखं झालं.

पण एक सांगा, तहान लागली म्हणून चहा प्यायला त्या माणसाला दंड झाला, आणि राग कोणावर? माझ्यावर. खुर्चीवर बसून मोबाइल नाचवणाऱ्या सेक्रेटरीवर घरातल्या एकानंही आवाज चढवला नाही. तुम्ही तिथे होतात म्हणता. मग तुमच्या तोंडात तेव्हा काय होतं, पान? माझ्यापुढे वाघ आणि कमिटीपुढे मांजर. मी चुकले ते चुकले, मी कुठे नाकारतेय? पण अच्छनला मान खाली घालायला मी लावलं नाही. ती त्यांनी लावली आणि तुम्ही बघत उभे राहिलात.

फिफ्टी आणलीय. आता अच्छनचा फोटो नाही तर तुमचाच काढते. पाय चुकला तर चुकलेला काढीन, पोट हिंदकळलं तर तेही. भीती वाटत असेल तर आत्ताच कळवा, म्हणजे फणसाखाली उभी राहून तुमच्यासाठी काळे फोटो काढते.

शिम्ना


पय्यन्नूर
२ फेब्रुवारी

शिम्ना,

पान खात नव्हतो.

ये. तेय्यम बांधणाऱ्याच्या घरची माणसं आवारात असतात, तो हक्क आपला, कमिटीच्या बापाचा नाही. पण रंगाच्या झोपडीजवळ असशील तेव्हा लेन्सची टोपी लावलेली हवी. आरशाच्या आधी टोपी निघालेली दिसली तर मुडीसकट उठून तुझ्या कानाखाली वाजवीन, आणि तो फोटो काढायला कुणी दुसरा असेल.

फ्लॅश नाही. काळे कपडे नकोत. बापाशी आपणहून बोलायला जाऊ नकोस.

दामोदरन


मंगळूर
२० फेब्रुवारी

आप्पन,

तुमचे फोटो सोबत पाठवतेय. आधी पत्र वाचा, मग फोटो बघून शिव्या द्या.

झोपडीच्या दाराशी मी उभी होते ते तुम्हाला आठवतंय का मला माहीत नाही. तुम्ही उताणे पडला होतात आणि अच्छन माडाच्या हिराच्या टोकानं तुमच्या गालावर रंग ओढत होते. मी वर्षानं बापाला बघत होते, हाताच्या अंतरावरून. त्यांनी एकदाच मान वर केली. माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, लेन्सच्या टोपीकडे बघितलं. मग पुन्हा तुमच्या गालाकडे वळले. आप्पन, तसा फोटो मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. अच्छन आरसा धरून उभे आणि समोर तुम्ही, मागे एकच दिवा. बोटं शिवशिवत होती. पण टोपी नाही काढली. तुमच्या धाकानं नाही. काढावीशी वाटत होती म्हणूनच नाही काढली.

मग तुम्ही आरशात बघितलंत, आणि चेंड्याचा ढोल वाजायला लागला, आणि ती बाहेर आली. इथून पुढे मी "तुम्ही" लिहीत नाही. लिहवत नाही.

फिफ्टीचं तुम्ही लिहिलं होतं तेच खरं. ती ओढत नाही. मला वाटलं होतं पायरीवरून काम भागेल. नाही भागलं. पायरी सोडली, दिव्याच्या माळेपर्यंत गेले, तरी चेहरा लहानच. आणखी पुढे. चुडींची धग गालाला लागायला लागली तेव्हा कुठे फोटोत ती भरली. उजेड एवढासा, पण लेन्सनं सगळा पिऊन घेतला. पाय एकदा चुकला, मी बघितलं. तो फोटो काढला नाही, कारण त्या वेळी मी बघत बसले होते. पोट कुठे दिसलंच नाही.

मग ती लोकांना हळद द्यायला लागली. ओळीनं सगळे. मी ओळीत नव्हते, पण चालत माझ्याच समोर आली. माझा हात धरला. कॅमेरा गळ्यात लोंबत होता, हात हळदीनं माखले, फोटो कसला काढतेय! ती म्हणाली, "लेकी, लांबून बघत होतीस. आज जवळ आलीस." मी मान हलवली. मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ज्या अंगात मी येते त्या अंगालाही तहान लागते. त्या तहानेला हसलं कोण?"

चेंडा थांबला. ती सरळ कमिटीच्या माणसांपुढे गेली. "तहानेला दंड लावला कोणी?" सेक्रेटरीनं हात जोडले. मोबाइलवाला तोच हात. तिनं त्यालाही इतरांसारखीच हळद दिली आणि म्हणाली, "घाबरू नकोस लेकरा, बरं होईल." पुढच्या माणसाकडे गेली.

अच्छन दिव्यापाशी होते. पाठ फिरवून एक चूड नीट करत राहिले. चूड व्यवस्थित जळत होती.

आता मला माणसाचं उत्तर हवं. ते कोण बोललं? मी तुम्हाला कमिटीपुढे मांजर म्हटलं होतं. मीच पत्रात लिहिलं होतं, तहान लागली म्हणून चहा प्यायला त्याला दंड झाला. तेच शब्द तिच्या तोंडून आले. तिला माझी पत्रं कोणी वाचून दाखवली? ती भगवती होती तर मी डोक्यावर हळद घेतली, विषय संपला. पण तुम्ही होतात तर मला तुमच्याशी भांडण मिटवावं लागेल, आणि माझी अजून तयारी झालेली नाही.

अच्छन बोलले नाहीत. मी निघाले तेव्हा ओसरीवर बसले होते. अम्मानं चहा विचारला तर नको म्हणाले.

शिम्ना


पय्यन्नूर
३ मार्च

शिम्ना,

पेरुवण्णानच्या घरात वाढलीस आणि एवढंही शिकली नाहीस. मुडी उतरल्यावर काय बोललं ते विचारायचं नसतं. मला विचारू नकोस, दुसऱ्या कुणाला विचारू नकोस. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं. भांडण मिटवू नकोस. मी कुठे मिटवतोय? पाय सुजलेत, कमरेत उसण भरली आहे, आणि तुला पत्राचं उत्तर लिहायला लागतंय. 

फोटो बघितले. दोन बरे आहेत. बाकी सगळ्यांत फोकस कानातल्या दागिन्यावर आणि डोळे धुरकट. फिफ्टीचं भोक विहिरीएवढं म्हणून विहिरीत उडी मारायची नसते. थोडं मिटवून घे, म्हणजे डोळे आणि दागिना दोन्ही स्पष्ट येतील. आणि श्वास सोडून बटण दाब, तुझा हात हलतो. हे फुकट शिकवत नाही, पुढच्या हंगामात तुझे काळे फोटो मला बघायला लागू नयेत म्हणून सांगतोय.

आता दुसरं. परवा तुझा बाप स्टुडिओत आला. तो इथे कधी येत नाही. गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला, भिंतीवरचे फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "तो फोटो दे."

"कोणता?"

"चहाचा."

मी म्हटलं, "दादा, तो मीच पुसायला लावला. तुझ्या पोरीनं पुसला त्याच दिवशी."

तो म्हणाला, "देवी तहानेला हसली नाही, मग आपण का लपवायचा?" आणि उठला. मी अजून एकदा सांगून बघितलं की तुझे दुसरे रंगवलेले फोटो माझ्याकडे ढिगानं आहेत, एकसे एक, मोठा करून देतो. नको म्हणाला. "त्या सगळ्यांत देवी आहे. मी एकाच फोटोत आहे."

घरी जाऊन त्यानं ओसरीवरच्या भिंतीत खिळा ठोकलाय. अम्मा म्हणाली, फोटो नाही तर खिळा कशाला? म्हणे, असू दे. रोज त्या रिकाम्या खिळ्यासमोर बसून चहा पितो. दोन्ही वेळा. मला बघवत नाही, मी मागच्या दारानं जातो.

जन्मात एकदा माझं ऐकलंस, तेही नेमकं नको तेव्हा.

दामोदरन


मंगळूर
७ मार्च

आप्पन,

मी तुमचं कधी ऐकलंय?

फोटो सोबत आहे. फ्रेम तुमच्या खर्चानं.

शिम्ना